नाताळची भेट आणि आलापल्लीचा बांबू
लहान कारागिरांकडून खरेदीचे आवाहन दरवर्षी होते. ते त्यांच्या घरापर्यंत पोहोचते का?

प्रतिनिधी, आलापल्ली

डिसेंबर उजाडला की महानगरांतील बाजारपेठांना नाताळचे वेध लागतात. मुंबईतील वांद्रे आणि क्रॉफर्ड मार्केट, पुण्यातील कॅम्प, नागपुरातील सदर या भागांतील दुकाने चांदण्या, घंटा, कागदी झिरमिळ्या आणि लहानमोठ्या भेटवस्तूंनी भरून जातात. नाताळची ही खरेदी आता ख्रिस्ती कुटुंबांपुरती मर्यादित राहिलेली नाही. कार्यालयांतून सहकाऱ्याला आपले नाव न सांगता भेट देण्याची पद्धत रूढ झाली आहे आणि शाळा व गृहसंकुलांतूनही हा सण साजरा होतो. वर्षअखेरीस ग्राहकांना आणि कर्मचाऱ्यांना भेटी पाठविणाऱ्या कंपन्यांची खरेदीही याच सुमारास होते.

या खरेदीबरोबर आणखी एक गोष्ट आता नेमाने ऐकू येते. भेटवस्तू मोठ्या कंपन्यांकडून न घेता लहान, स्वतंत्र उद्योजकांकडून घ्या, असे हे आवाहन आहे. त्याला संघटित रूप मिळाले ते अमेरिकेत. अमेरिकन एक्स्प्रेस या कंपनीने नोव्हेंबर २०१० मध्ये तेथे ‘स्मॉल बिझनेस सॅटर्डे’ सुरू केला आणि २०१३ पासून ब्रिटनमध्येही तो डिसेंबरच्या आरंभी पाळला जाऊ लागला. आपल्याकडे त्याचा विशिष्ट दिवस नसला, तरी दिवाळी आणि नाताळच्या तोंडावर ‘स्थानिकांकडून घ्या’ हा सूर सर्वत्र उमटतो.

सूर चांगलाच आहे. परंतु ज्यांच्यासाठी तो उमटतो, त्या माणसापर्यंत ग्राहकाचा रुपया प्रत्यक्षात पोहोचतो का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील आलापल्ली येथून या प्रश्नाकडे पाहिले, तर आवाहनाइतकेच त्यामागचे अडथळेही स्पष्ट दिसू लागतात.

सागवानाला मान, बांबूचे काय?

आलापल्लीचे नाव शहरी वाचकाला ठाऊक असते ते सागवानामुळे. येथून भामरागडकडे जाणाऱ्या मार्गावरील नैसर्गिक सागवनाचा एक भाग १९५३ मध्ये राखून ठेवण्यात आला. ‘वनवैभव’ या नावाने ओळखले जाणारे हे वन २०१४ मध्ये राज्यातील पहिले जैवविविधता वारसा स्थळ ठरले. अयोध्येतील राम मंदिराच्या दरवाजांसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातील सागवान मार्च २०२३ मध्ये रवाना झाले, तेव्हा बल्लारपुरातून त्याची वाजतगाजत मिरवणूक निघाली.

त्याच जंगलात बांबूही वाढतो. येथे प्रामुख्याने आढळणाऱ्या बांबूला ‘मानवेल’ म्हणतात. हा बांबू बारीक, भरीव आणि चिवट असतो. पिढ्यान्‌पिढ्या बुरड समाजाची उपजीविका त्यावरच चालत आली. सूप, टोपली, दुरडी, परडी, चटई, धान्य साठविण्याची कणगी या वस्तूंना गावोगावच्या आठवडी बाजारात हक्काचे गिऱ्हाईक होते. प्लास्टिकच्या टोपल्या व बादल्या आणि पत्र्याच्या कोठ्या आल्या, तसे हे गिऱ्हाईक आटत गेले. शेतीच्या आणि लग्नसराईच्या हंगामात काही मागणी अजूनही असते. त्यावर वर्षभराचे घर मात्र चालत नाही.

त्यामुळे शहरातील भेटवस्तूंच्या बाजाराकडे या व्यवसायाची पुढची वाट म्हणून पाहिले जाते. बांबूचा दिवा, पेनदाणी, फुलदाणी, ट्रे, दागिन्यांची पेटी, राखी अशा वस्तूंना शहरात ग्राहक आहे, हे सिद्धही झाले आहे. चंद्रपूर-मूल मार्गावरील चिचपल्ली येथे २०१४ मध्ये राज्य शासनाने बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर केले. तेथून शिकून बाहेर पडलेल्या मीनाक्षी वाळके यांनी चंद्रपुरात बांबूच्या राख्या व अन्य वस्तूंचे काम उभे केले, परिसरातील महिलांना ते शिकविले आणि त्यांच्या राख्या परदेशापर्यंत पोहोचल्या. कौशल्य आणि मागणी या दोन्ही गोष्टी आहेत, एवढे या उदाहरणावरून निश्चित म्हणता येते. पण एक यशस्वी उद्योजिका आणि गावोगावी विखुरलेले बुरड कारागीर यांच्यात मोठे अंतर आहे.

चांदणीच्या आतील कामटी

नाताळ आणि बांबू यांचे नाते आज नव्याने जुळविण्याची गरज नाही, ते जुनेच आहे. गोव्यात किंवा वसईत ख्रिस्ती घरांपुढे टांगली जाणारी पारंपरिक चांदणी बांबूच्या कामट्यांच्या सांगाड्यावर रंगीत कागद चिकटवून तयार केली जात असे. दिवाळीचा घरगुती आकाशकंदीलही याच पद्धतीने होई. दोन्ही सणांच्या प्रकाशाला आधार होता तो कामटीचा.

घडीची छापील चांदणी आणि विजेच्या दिव्यांची प्लास्टिकची चांदणी बाजारात आली आणि कामटीची गरज सरली. ग्राहकाचा वेळ वाचला, वस्तूही स्वस्त झाली. ग्राहकाला त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. मात्र किमतीचा विचार करताना त्या किमतीतील किती पैसा कुठे जातो, याचाही विचार करायला हवा. शिकागो शहरातील अँडरसनव्हिल या वस्तीत २००४ मध्ये झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात, स्थानिक दुकानात खर्च झालेल्या प्रत्येक १०० डॉलरपैकी ६८ डॉलर शहराच्या अर्थव्यवस्थेत राहतात, तर मोठ्या साखळी दुकानात खर्च झालेल्या १०० डॉलरपैकी ४३ डॉलर, असा निष्कर्ष निघाला होता. अमेरिकेतील एका वस्तीचे आकडे गडचिरोलीला जसेच्या तसे लागू होणार नाहीत. पण तत्त्व तेच आहे. बांबूच्या दिव्यात कच्चा माल जवळच्या जंगलातील असतो आणि किमतीचा मोठा भाग हा हातांच्या मजुरीचा असतो. परदेशातून आलेल्या प्लास्टिकच्या वस्तूत येथे उरतो तो बहुतांशी विक्रेत्याचा नफा.

या जिल्ह्याने आयातीचा फटका दुसऱ्या एका व्यवसायात अनुभवला आहे. बांबूच्या काड्यांपासून अगरबत्ती तयार करून स्थानिक महिलांना काम मिळावे, यासाठी वनविभागाने येथे अगरबत्ती प्रकल्प राबविला. मात्र २०११ मध्ये आयात शुल्क ३० टक्क्यांवरून १० टक्के झाले आणि चीन व व्हिएतनाममधून माल येऊ लागला. खादी व ग्रामोद्योग आयोगाच्या म्हणण्यानुसार, देशातील कच्च्या अगरबत्तीत आयातीचा वाटा २००९ मध्ये अवघा २ टक्के होता, तो २०१९ मध्ये ८० टक्क्यांवर गेला. अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने अगरबत्तीची आयात निर्बंधित केली आणि जून २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरील आयात शुल्क पुन्हा २५ टक्के केले. ग्राहकाच्या सदिच्छेपेक्षा सरकारी शुल्काचा एक आकडा अधिक हातांना काम देऊ किंवा काढून घेऊ शकतो, हा यातील धडा आहे.

जंगल दारात, बांबू दुर्मिळ

बांबूच्या प्रदेशात राहणाऱ्या कारागिराला कच्च्या मालाची अडचण असेल, हे शहरी ग्राहकाला पटणे कठीण आहे. वस्तुस्थिती मात्र तशी आहे. १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला वृक्ष मानले. वस्तुतः ते गवताच्या कुळातील आहे. वृक्ष मानल्यामुळे त्याची तोड आणि वाहतूक वनविभागाच्या परवान्यात अडकली. दुसरीकडे, बल्लारपूरच्या कागद कारखान्याला अनेक दशके येथील जंगलातील बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने मिळत राहिला.

या स्थितीला पहिला मोठा छेद दिला तो २००६ च्या वनहक्क कायद्याने. या कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरले आणि त्यावर ग्रामसभेचा हक्क मान्य झाला. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही स्वतःचा बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना हाती येण्यास एप्रिल २०११ उजाडले. तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले, तेव्हा ती राष्ट्रीय बातमी झाली. आज गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले असून अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपत्त्याची विक्री स्वतः करतात. २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेर वाढलेला बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला.

हे सारे स्वागतार्ह आहे. परंतु ग्रामसभेचा बांबू बहुधा घाऊक खरेदीदाराकडे जातो. नोंदणीकृत बुरड कामगारांना वनविभागाकडून सवलतीच्या दराने बांबू देण्याची पद्धत जुनी आहे आणि तो वेळेवर, हिरवा आणि पुरेसा मिळत नाही, ही तक्रारही तितकीच जुनी. बांबू हिरवा असण्याला महत्त्व आहे. वाळलेला बांबू बारीक चिरता येत नाही, कामटी मोडते. म्हणजे ज्या वस्तूला शहरात ‘निसर्गस्नेही भेट’ म्हणून मागणी आहे, तिचा कारागीर कच्च्या मालासाठी डेपोच्या वेळापत्रकाकडे डोळे लावून बसलेला असतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बांबू उद्योग धोरणाला मंजुरी दिली. त्यात पुढील दहा वर्षांत ५० हजार कोटी रुपयांच्या गुंतवणुकीची अपेक्षा व्यक्त झाली आहे. कोट्यवधींची गुंतवणूक बांबूकडे वळेल, तेव्हा बांबूला मागणी वाढेल आणि भावही चढेल. लागवड करणाऱ्या शेतकऱ्याला त्याचा लाभ होईल. पण वर्षाला काही शे बांबू लागणाऱ्या बुरड कारागिराचा वाटा राखून ठेवला नाही, तर कागद कारखान्याच्या काळातील विषमता नव्या रूपात परत येण्याचा धोका आहे.

नदीपलीकडचा ग्राहक

कच्चा माल मिळाला, वस्तू तयार झाली, तरी ती ग्राहकाच्या हाती पोहोचवायची कशी? आलापल्लीला रेल्वे नाही. जिल्ह्याचे ठिकाण शंभराहून अधिक किलोमीटरवर, नागपूर त्याहून बरेच दूर. बांबूची वस्तू वजनाने हलकी, पण आकाराने मोठी आणि नाजूक असते. अशा वस्तूचा पाठवणीचा खर्च कधी कधी तिच्या किमतीशी स्पर्धा करतो.

इंटरनेटवरील बाजारपेठांनी हा प्रश्न सुटेल, अशी आशा गेल्या दशकात निर्माण झाली. अ‍ॅमेझॉनने कारागिरांसाठी ‘कारीगर’, फ्लिपकार्टने २०१९ मध्ये ‘समर्थ’ हे उपक्रम सुरू केले. केंद्र शासनाच्या पुढाकारातून २०२२ मध्ये ‘ओएनडीसी’ हे खुले जाळे आले. हे प्रयत्न उपयुक्त आहेत. मात्र संकेतस्थळाचे कमिशन, पाठवणी, वेष्टण आणि परत आलेल्या वस्तूंचा भुर्दंड सोसून शिल्लक उरण्यासाठी विक्री मोठ्या संख्येने व्हावी लागते. हाताने एकेक वस्तू घडविणाऱ्याचे सामर्थ्य संख्येत नसते.

कराच्या नियमांतही एक गाठ आहे. वस्तू विकणाऱ्याची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांपर्यंत असेल, तर महाराष्ट्रात त्याला सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी बंधनकारक नाही. मात्र संकेतस्थळामार्फत विक्री करायची, तर उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी आवश्यक होती. १ ऑक्टोबर २०२३ पासून ही अट शिथिल झाली, पण केवळ राज्यांतर्गत विक्रीसाठी. परराज्यातील ग्राहकाला संकेतस्थळावरून वस्तू विकायची असेल, तर नोंदणी हवीच. आलापल्लीच्या बाबतीत हा नियम विशेष जाचक ठरतो. येथून जवळच्या अहेरीला प्राणहिता नदी ओलांडली की तेलंगण राज्य लागते. हैदराबाद हे महानगर आलापल्लीला मुंबई-पुण्यापेक्षा पुष्कळ जवळचे आहे. पण नोंदणी नसलेला येथील कारागीर संकेतस्थळावरून हजार किलोमीटरवरच्या मुंबईकराला टोपली विकू शकतो, नदीपलीकडच्या ग्राहकाला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून अनेक हस्तकला वस्तूंवरील आणि बांबूच्या फर्निचरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला, हे ठीकच. ही कपात मात्र कराच्या साखळीत असलेल्या विक्रेत्याच्या कामाची आहे. त्या साखळीबाहेर असलेल्या कारागिराला तिचा थेट लाभ नाही.

नाताळात मुलांना दिल्या जाणाऱ्या खेळण्यांचेही तसेच. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांवर गुणवत्ता मानक चिन्ह बंधनकारक झाले. विकास आयुक्त (हस्तकला) यांच्याकडे नोंद असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. म्हणजे बांबूची बैलगाडी विकण्याआधी कारागिराकडे ओळखपत्र हवे. नोंदणी करून घेण्याचे काम शिबिरे भरवून गावपातळीवर झाले, तरच ही सूट अर्थपूर्ण ठरेल.

डिसेंबरची मागणी उशिराची

शासनाकडून अपेक्षा आहेत, तशाच ग्राहकाकडूनही. किंबहुना शहरी ग्राहकाची सर्वांत मोठी चूक वेळेची असते. नाताळच्या आठ दिवस आधी तीस-चाळीस नग हवेत, अशी मागणी कारखान्याला पुरी करता येते, कारागिराला नाही. पावसाळ्यात बांबूतोड बंद असते. पावसाळा सरल्यावर ती सुरू होते, मग बांबू हाती येतो. तो चिरणे, कीड व बुरशी लागू नये म्हणून त्यावर प्रक्रिया करणे, वाळविणे, विणणे, घासणे या कामांना आठवडे लागतात. घाईत केलेली वस्तू दोन महिन्यांत भुंगा लागून भुकटी सोडू लागते आणि ग्राहक ‘हाताच्या वस्तू टिकत नाहीत’ असा निष्कर्ष काढून मोकळा होतो.

म्हणून नाताळची मागणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच नोंदविणे आणि किमतीचा काही भाग आगाऊ देणे, हा खऱ्या मदतीचा पहिला मार्ग आहे. आगाऊ रक्कम हाती असेल, तर बांबूसाठी सावकाराकडे किंवा मध्यस्थाकडे हात पसरावा लागत नाही. केंद्र शासनाच्या सप्टेंबर २०२३ मधील पीएम विश्वकर्मा योजनेत टोपली, चटई व झाडू करणाऱ्यांचा समावेश आहे. अवजारांसाठी १५ हजार रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने पहिल्या टप्प्यात १ लाख रुपयांपर्यंत कर्ज अशी तिची तरतूद आहे. पण कर्ज फेडण्यासाठी मागणी निश्चित असावी लागते आणि ती निश्चिती ग्राहकच देऊ शकतो.

दुसरी गोष्ट उपयोगाची. केवळ शोभेची वस्तू एकदा घेतली जाते. परडी, ट्रे, कागद टाकण्याची टोपली, भाजीची दुरडी या वस्तू झिजतात आणि पुन्हा घ्याव्या लागतात. पन्नास कर्मचाऱ्यांच्या कार्यालयाने वर्षअखेरच्या भेटींबरोबर रोजच्या वापरातील टोपल्याही कारागिरांच्या गटाकडून घ्यायचे ठरविले, तर त्या गटाला बारा महिन्यांचे गिऱ्हाईक मिळते. गृहसंकुले आणि शाळांनाही हे सहज शक्य आहे.

तिसरी गोष्ट भावाची. नामांकित दुकानात छापील किंमत निमूट मोजणारा ग्राहक प्रदर्शनातील कारागिराशी मात्र वीस रुपयांसाठी घासाघीस करतो. ‘उमेद’ अभियानाच्या वतीने मुंबईत भरणारे महालक्ष्मी सरस प्रदर्शन असो वा जिल्ह्याजिल्ह्यांतील बचत गटांची विक्री केंद्रे, तेथे वस्तू विकणारी व्यक्ती बहुधा ती घडविणारी किंवा तिच्या गटातीलच असते. मध्यस्थ नसल्याने तेथे दिलेला रुपया सर्वांत थेट पोहोचतो. त्याच वेळी दर्जाचा आग्रह धरण्यातही गैर काही नाही. प्रक्रिया केलेला बांबू आहे का, हे जरूर विचारावे. आलापल्ली परिसरातून सागवानी वस्तू घ्यायची असेल, तर पावतीखेरीज घेऊ नये. चोरट्या तोडीतील लाकूड स्वस्त मिळते, पण त्याची किंमत जंगल मोजते आणि प्रामाणिक कारागीरही.

दया नको, व्यवहार हवा

लहान उद्योजकाकडून खरेदी करा, या आवाहनात अनेकदा उपकाराची छटा असते. ती दोन्ही बाजूंना मारक आहे. दयेपोटी घेतलेली वस्तू कपाटात पडून राहते आणि पुढील वर्षी दया आटते. व्यवहार म्हणून घेतलेली वस्तू वापरली जाते, तिच्या उणिवा कारागिराला कळतात, वस्तू सुधारते आणि ग्राहक परत येतो. बुरड कारागिराचा व्यवसाय आठवडी बाजारात पिढ्यान्‌पिढ्या टिकला तो दयेवर नव्हे, त्याच्या सुपाची शेतकऱ्याला गरज होती म्हणून.

प्रश्न शेवटी पुढच्या पिढीचा आहे. वडिलांच्या हातातील कसब मुलाने उचलावे, असे वाटण्याइतके उत्पन्न त्यात नसेल, तर मुलगा मजुरीसाठी दुसऱ्या वाटेने जाणार आणि त्याला दोष देता येणार नाही. मानवेल जंगलात वाढत राहील, त्यातून बारीक कामटी काढणारा हात मात्र पुन्हा सहजी तयार होणार नाही. शासनाने हिरवा बांबू वेळेवर द्यावा आणि परराज्यातील ऑनलाइन विक्रीची अट लहान कारागिरांसाठी शिथिल करावी. ग्राहकाने मागणी लवकर नोंदवावी, काही रक्कम आगाऊ द्यावी आणि नाताळ संपल्यावरही पुन्हा यावे. या वर्षीची भेट घेताना कारागिराचा पत्ता नोंदवून ठेवला आणि पुढील सप्टेंबरमध्ये त्याला दूरध्वनी केला, तरी या आवाहनाला आलापल्लीत काही अर्थ उरेल.